त्र्यंबकरावांच्या गाडीचं सोवळं

हार घातलात, बुक्का लावलात, आता झोपायचं नाही. ते मागचे, खांबाला टेकलेले काका — खांब देवळाचा आहे, तुम्ही सोडलात तरी पडणार नाही. या, पुढे या.

मघाशी पूर्वरंगात मी एक प्रश्न अर्धवट टाकून ठेवला होता. मंडळी, एखादी गोष्ट जपायची म्हणजे नेमकं काय करायचं? वापरायची, की झाकून ठेवायची? बोला! पुरुषांच्या बाजूला शांतता. बायकांच्या बाजूला मात्र हसू फुटलं. म्हणजे उत्तर तिकडे आहे! ठीक आहे. पेटीवाले, सूर धरून ठेवा. ऐका.

फलटणला त्र्यंबकराव सोवनी म्हणून एक गृहस्थ. वीज मंडळातून निवृत्त. माणूस निर्व्यसनी, एकवचनी, आणि घरात एक रथ! आता तुम्ही म्हणाल, बुवा, आख्यानातल्या रथाला चार घोडे असतात. अहो, ह्याला साठ होते! विलायती मोटार. दोन माणसांची, लाल रंगाची, वर छप्पर नाही, आणि इतकी बुटकी की बसायचं म्हणजे जमिनीवरच्या पाटावर बसल्यासारखं. साखर कारखान्याचा कोणी साहेब गाव सोडून जाताना विकून गेला आणि त्र्यंबकरावांनी ऐन तारुण्यात ती घरी आणली. साठ घोडे खरे, पण रोज त्यातला कुठला ना कुठला आजारी!

आज दिवे लागत नाहीत, उद्या ब्रेक धरत नाही. आणि तेल? मंडळी, ही गाडी तेल पीत नसे, सांडत असे. इंजिनाखाली सतत एक परात ठेवलेली. कुणाची परात? प्रमिलाकाकूंची! म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींची. काकू कणीक भिजवायला परात शोधायच्या आणि ती सापडायची गाडीखाली. त्यांच्या जुन्या रेशमी खणांची पुसायची फडकी झाली. काकू दात घासायचा ब्रश ओट्यावर विसरल्या, की तो दुसऱ्या दिवशी स्पार्क प्लग घासताना दिसायचा.

पण सेवा म्हणाल तर काय वर्णावी! सकाळी स्नान, संध्या, आणि मग गाडी. विलायती गाडीला आपले मिलिमीटरचे पाने चालत नाहीत, तिचे पाने इंचातले. ते फडक्यावर ओळीनं मांडलेले, पूजेची उपकरणीच जणू. तिथे कोणी हात लावायचा नाही. अंगावर धूळ घेऊन गाडीजवळ यायचं नाही. आणि गाडीत बसायचं? छे! सीटचं कातडं अस्सल आहे, पदराची पिन लागेल. ऊन आहे, रंग उडेल. ढग आहेत, छप्पर नाही. थंडी आहे, इंजिनाला त्रास. अहो, मग वर्षात उरलं काय? दर रविवारी त्र्यंबकराव एकटे गाडी सुरू करायचे, रिंग रोडपर्यंत न्यायचे, परत आणून पुसायचे आणि वर गोधडी घालायचे. गोधडी काकूंच्या लग्नातल्या साड्यांची!

इतका संसार झाला, पण प्रमिलाकाकू त्या गाडीत एकदाही बसल्या नव्हत्या.

आता काकूंचा भाऊ श्रीपाद, राहायला लोणंदला. दर भाऊबीजेला ही दोघं नवरा-बायको एसटीनं लोणंदला जायची आणि दर भाऊबीजेला श्रीपाद दारात उभा राहून विचारायचा, की ताई, रथ कुठे ठेवलात? काकू हसायच्या. बायका हसतात म्हणजे त्यांना काही वाटत नाही, असं पुरुषांना वाटतं. तबलजी, तुम्हालासुद्धा वाटतं. मान हलवू नका.

एका वर्षी काय झालं, काकूंचे गुडघे गेले. जिना चढताना कठडा, उठताना खुर्चीचा हात. डॉक्टर म्हणाले, खाली बसणं आता हळूहळू बंद करा. घरी आल्या, चहा ठेवला आणि गोधडीखालच्या गाडीकडे बघून नवऱ्याला म्हणाल्या, "अहो, ती फार खाली आहे. अजून मला तिच्यात बसता येतंय. पुढच्या वर्षी बसता येणार नाही. ह्या भाऊबीजेला मला तिच्यातून न्या."

काही मागणं आहे का हे! दागिना नाही, काशीयात्रा नाही. पाटावर बसायचं, ते जमतंय तोवर. त्र्यंबकराव वरवर रागीट माणूस, पण प्रेम होतं हो! ते म्हणाले, नेतो. शब्द दिला.

आणि मग सुरू झालं महापर्व! दसऱ्याला वाहनाची पूजा, त्याआधी सगळी गाडी चकचकीत. कार्ब्युरेटर दोन. कार्ब्युरेटर म्हणजे काय? तर गाडीचं नाक. तिथून हवा आत जाते, तिच्यात पेट्रोल मिसळतं. आत एक दट्ट्या असतो. इंजिन श्वास घेईल तसा तो वर जातो, खाली येतो. त्र्यंबकरावांनी दोन्ही नाकं स्वतः उघडली, घासली, लावली. नाकावरच्या हवेच्या जाळ्या धुऊन वाळत घातल्या.

दसऱ्याची सकाळ. तुम्ही-आम्ही वाहनाची पूजा कशी करतो? चाकाखाली लिंबू, पुढे हार, नारळ वाढवला, झालं. त्र्यंबकरावांना हे कसं पटावं? ते म्हणाले, देव इंजिनात आहे, पत्र्याला काय ओवाळायचं! बॉनेट उघडलं. कॉइलला गंध, बॅटरीला फूल, रेडिएटरला हळदकुंकू. आणि तूप लावून कुंकवात माखलेल्या अक्षता, मूठ भरून, भक्तिभावानं... काकू म्हणाल्या, अहो, जरा बेतानं. ते म्हणाले, मला शिकवू नकोस. टाकल्या! मग जाळ्या लावल्या, बॉनेट बंद केलं, किल्ली फिरवली.

गाडी सुरू झाली. खोकली. आणि बंद पडली.

पुन्हा किल्ली. खोकली, बंद! मंडळी, माणूस बिचारा हादरला. दसरा ते भाऊबीज म्हणजे हां हां म्हणता जाणारे दिवस. प्लग बदलले. पॉइंट घासले. पेट्रोलचा पंप उघडला. कॉइल पुण्याहून मागवली. टायमिंग सोडवलं, बसवलं, परत सोडवलं. अंगणात सुट्या भागांचा भातुकलीचा संसार मांडला! एक बोल्ट तर काकूंना फराळाच्या बेसनात सापडला. आणि राग कुणावर? काकूंवरच. दिवाळीचा झाडू गाडीजवळ मारलास म्हणून धूळ गेली, असं म्हणाले.

शेजारच्या एकानं सुचवलं, कार्ब्युरेटर बघा ना. त्र्यंबकराव भडकले. म्हणे, ते मी स्वतःच्या हातानं साफ केलेत!

इथे थांबा. हे वाक्य नीट ऐका. जिथे आपला हात फिरला, तिथे आपण चूक शोधतच नाही. सासू सुनेच्या हातात शोधते, साहेब कारकुनाच्या हातात शोधतो. आपला हात? तो तर सोवळ्यातला!

भाऊबीज उजाडली. त्र्यंबकराव ओसरीच्या पायरीवर बसले, हात कोपरापर्यंत काळे, आणि हळू आवाजात काकूंना म्हणाले, "माझ्यानं होत नाही गं. एसटीनंच जाऊ."

काकूंनी नवं लुगडं नेसलेलं, हातात ओवाळणीचं तबक. तबक खाली ठेवलं, पदर खोचला, गुडघ्यावर हात ठेवून कशाबशा वाकल्या आणि म्हणाल्या, "ते नाक उघडा."

आता नाही म्हणायची सोय नव्हती. उघडलं. दट्ट्या अर्ध्यावर अडकलेला! काकूंनी डोळे बारीक केले. सगळा जन्म सुपात तांदूळ निवडण्यात गेलेला, त्या डोळ्यांतून खडा सुटला नाही, तर हा कसा सुटेल? दोन बोटांनी अलगद काढला आणि नवऱ्याच्या काळ्या तळहातावर ठेवला. तांदळाचा एक दाणा. कुंकवानं लाल!

गाडी कशानं घुसमटली होती? धुळीनं नाही, झाडूनं नाही. भक्तीनं! त्र्यंबकराव त्या दाण्याकडे बघत राहिले. म्हणाले, "ही अक्षत मीच टाकली, जाळ्या लावायच्या आधी." आणि डोळ्यांत पाणी आलं हो त्यांच्या. काकू म्हणाल्या, पाणी पुसा, पण माझ्या खणानं नको.

मग काय! किल्ली फिरली आणि साठच्या साठ घोडे एकदम उठले. काकू पाटावर बसल्या. पदराला पिन होती, कोणी काही बोललं नाही. फलटण ते लोणंद, डोक्यावर ऊन, केसांत वारा, मागे रस्त्यावर तेलाची रांगोळी! परात घरी राहिली होती.

लोणंदला श्रीपाद दारात उभा. गाडी थांबली. काकू उतरायला गेल्या, तर गुडघे म्हणाले, नाही! बसणं जमलं, उठणं जमेना. श्रीपादनं हात दिला, त्याच्या बायकोनं हात दिला. काकू म्हणाल्या, "राहू द्या. मी इथूनच ओवाळते."

मग कोणी कुठे बसावं? ताई जमिनीपासून वीतभर. उभ्या भावाचं तोंड कसं ओवाळणार? तेव्हा दर वर्षी रथ कुठे म्हणून विचारणारा श्रीपाद रस्त्यातल्या धुळीत पाट टाकून गाडीच्या दाराशी मांडी घालून बसला! काकूंनी कुंकू लावलं, आणि अक्षतांची चिमूट उचलली मात्र, त्र्यंबकरावांनी दोन्ही हात पसरून बॉनेटवर उडी घेतली.

हसा, हसा. पण मंडळी, घरी गेल्यावर एकदा बघा. कपाटात कपबशांचा सेट आहे, पाहुण्यांसाठी. पाहुणे आले आणि गेले, सेट तसाच. पेटीत शालू आहे, डांबरगोळ्यांसकट. आणि त्या घरात कोणीतरी आहे, ज्याचे गुडघे दिवसेंदिवस जाताहेत, जे अजून मागत नाही. मागेल, तेव्हा जागा फार खाली गेलेली असेल. गोधडी आज काढा.

चला, उठा आरतीला. फुलं वाटा, अक्षता वाटा. मात्र टाकताना बेतानं. देवालाही श्वास घ्यायचा आहे. आणि आरती झाल्यावर चपला शोधायच्या आधी, जिच्याबरोबर आलात ती कुठे उभी आहे ते आधी शोधा.