सुमनताईंची राणीमाशी आणि माझी थाळी

इथे ताईंच्या अंगणात जमलेल्या सगळ्यांना नमस्कार. आपल्या मराठी मंडळातली माणसं आहेत, मोहालीहून ऑफिस सोडून आलेली मुलं आहेत. शेजारचे बलजीतजी आणि त्यांच्या घरची मंडळी आहेत. मराठी कळत नाही, तरी मघापासून बसली आहेत, त्यांचे आधी आभार मानते. मला बोलायला सांगितलं तेव्हा मी नाहीच म्हणाले होते. सुमनताईंशी मी रोज बोलायचे, भिंतीवरून. त्यांच्याबद्दल, त्या नसताना, असं उभं राहून बोलायचं मला जमत नाही. सांभाळून घ्या.

मी माधुरी. भिंतीपलीकडची. माझे यजमान फौजेतून निवृत्त झाले आणि आम्ही पंचकुल्यात घर घेतलं. सामान उतरत होतं तेव्हाच ताई मधाची बाटली घेऊन आल्या. "मराठी आवाज ऐकला म्हणून आले," म्हणाल्या. ताई दापोलीच्या. त्यांच्या यजमानांच्या, म्हणजे काकांच्या, एअरफोर्सच्या बदल्यांबरोबर फिरत फिरत इथे आल्या, आणि काका गेल्यावरही इथेच राहिल्या. का राहिल्या? कुणी विचारलं की मागच्या अंगणाकडे बोट दाखवायच्या. किन्नूच्या, म्हणजे इकडच्या संत्र्याच्या, झाडाजवळ मधमाश्यांच्या चार पेट्या. "यांना कुठे टाकून जाऊ?"

त्यांचा मध तुम्ही सगळ्यांनी खाल्लाय. पण फाल्गुनातल्या ताई फार थोड्यांनी पाहिल्यात. थंडी सरते, किन्नू फुलतो, रस्त्याकडेचे सफेदे, म्हणजे निलगिरी, फुलतात, आणि पेटीत माश्यांची दाटी होते. दाटी झाली की माश्या नवी राणी वाढवायला घेतात. मग जुनी राणी अर्ध्या माश्या बरोबर घेते आणि भरलं घर मुलीसाठी सोडून, थवा करून निघून जाते. या दिवसांत ताईंना दुसरं काही सुचायचं नाही. तोंडावर जाळी घेऊन एकेक चौकट उचलून बघायच्या. खाली भुईमुगाच्या शेंगेसारखं घर लटकताना दिसलं की समजायचं, आत नवी राणी आहे.

पुष्कळ जण ती शेंग मोडून टाकतात. ताई मोडायच्या नाहीत. शेजारी एक रिकामी पेटी मांडून ठेवायच्या. मी म्हणायचे, "ताई, मोडा की. अर्ध्या माश्या जातील तुमच्या." त्या म्हणायच्या, "तिला निघावंसं वाटतंय गं. वाटू दे. आपण जवळ एक घर तयार ठेवायचं."

निघावंसं वाटणं ताईंना चांगलं ठाऊक होतं. दरवर्षी आंब्याला दापोलीला जायचं ठरायचं. "थवे निघायचे थांबले की जाते." थवे थांबले की उन्हाळा, पेट्यांना सावली करायची, पाणी ठेवायचं. मग पाऊस. मग दुसऱ्या वर्षी बघू. मी आज इथे स्पष्ट सांगते, ताईंना दापोली हवी होती. शेवटपर्यंत हवी होती. दवाखान्यात मला विचारत होत्या, तिकडे आता मोहोर गळून कैऱ्या धरल्या असतील ना?

आता थाळीचं सांगते. मला माश्यांची भीती. जाळी बांधली तरी भीती. मी लहानपणी ऐकलं होतं की थाळी वाजवली की उडालेला थवा खाली उतरतो. म्हणून थवा निघाला की ताई शिडी लावायच्या आणि मी लांब उभी राहून थाळी बडवायचे. जोरात. ताई हसायच्या. "माधुरी, वाजवून कोणी खाली उतरत नाही गं. त्यांना बसायचं तिथेच त्या बसतात. पण तू वाजव. तुझी भीती उतरते." इतकी वर्षं मी थाळी वाजवली आणि इतकी वर्षं त्या हसल्या.

आणि संध्याकाळी एक काम असायचं. पेटीवर बोटानं टकटक करायचं आणि कान लावायचा. आतून छोटा हुंकार आला आणि लगेच थांबला, तर राणी घरात आहे, सगळं ठीक आहे. हुंकार लांबत राहिला, रडल्यासारखा, तर राणी नाही. हे त्यांनी मला भिंतीवरून शिकवलं. कान मात्र कधी लावायला मिळाला नाही, कारण मी जवळच जायचे नाही.

ताई गेल्या त्या ऐन हंगामात. पेट्या कोणी उघडल्या नाहीत. ताईंची मुलगी ईशा बंगळुरूहून आली, तिच्या मागे शंभर कामं. डेराबस्सीकडचे एक गृहस्थ टेम्पो आणून पेट्या घेऊन जाणार होते. ईशा, तुला बोल लावत नाही मी. फ्लॅटमध्ये पेटी ठेवणार कुठे? पण मला वाटत होतं, या पेट्या गेल्या की ताई पुन्हा एकदा जातील.

काल सकाळी मी चहा घेऊन इकडे आले, आणि कोपऱ्यातल्या पेटीतून थवा निघाला. सगळं अंगण गुणगुणायला लागलं. मी काय केलं असेल? स्वयंपाकघरात धावले, थाळी घेतली आणि वाजवायला लागले. सुतकाच्या घरात. बलजीतजी अनवाणी धावत आले, "क्या हुआ जी, क्या हुआ?" थवा किन्नूच्या खालच्या फांदीवर घोसासारखा लटकला होता. ईशानं आईची जाळी घातली, रिकामी पेटी उचलली आणि मला म्हणाली, "मावशी, पकड़ो. डरो मत. मम्मी कहती थीं, पेट भरके निकलती हैं, काटेंगी नहीं."

मी पेटी धरली. मी. ईशानं फांदी झटकली. त्या गर्दीत एक लांबट माशी चालत आत गेली, पाठीवर लाल ठिपका. राणी पटकन सापडावी म्हणून ताई नेलपॉलिश लावायच्या. "हिला कुंकू लावलं," म्हणायच्या. ईशा ठिपक्याकडे बघत राहिली आणि आई गेल्यापासून पहिल्यांदा रडली. मग म्हणाली, "टेम्पोवाले को मना कर दो. ये वाली आप रखो, मावशी. बाकी का देखते हैं."

रात्र पडायच्या आत बलजीतजींनी ती पेटी उचलून माझ्या अंगणात मांडली. मी पहिल्यांदा जवळ बसले. टकटक केलं. छोटा हुंकार आला आणि थांबला. मग इकडे येऊन जुन्या पेटीवर टकटक केलं. तिथली नवी राणी अजून बाहेर यायची आहे. तिथला आवाज लांबतच राहिला. मी कान काढला नाही. मला तो आवाज ओळखीचा वाटला. ताई गेल्यापासून माझ्या घरातही तोच आहे.

आता आपण सगळे उभे राहूया. थोडा वेळ कुणी काही बोलू नका. भिंतीकडून माश्यांचा आवाज येईल, तो येऊ द्या.

ताई, आज मी थाळी वाजवणार नाही. वाजवून कोणी खाली उतरत नाही, हे तुम्हीच सांगितलंत. तरी हात शिवशिवतायत. नमस्कार, ताई.