ओबेदच्या बंदुकीतील सात बार

मी, लॅविनिया क्रेन, वय २२, धंदा शिक्षिका, राहणार मिल्स फोर्क, ओहायो, शेरीफच्या कचेरीत स्वतः येऊन सांगते की, माझा भाऊ ओबेद युद्धावरून परतताना आपली बंदूक घेऊन आला. ती आमच्या चुलीवरच्या भिंतीला टांगलेली असे. तिला तो कोणालाही हात लावू देत नसे.

गेल्या मार्चमध्ये तो बाहेर असताना मी ती पुसायला काढली. नळी रिकामी असली तर आत सोडलेला लोखंडी गज तळाला आपटून खणकन वाजतो. तो वाजला नाही. वीतभर बाहेरच राहिला. ओबेद आल्यावर मी विचारले.

तो म्हणाला, "सात बार आहेत आत. सगळे भरत होते, मीही भरत होतो. चाप ओढायचो, परत भरायचो."

"मग उडाली कशी नाही?"

"टोपी लावली नाही." ठिणगी पाडणारी ती तांब्याची छोटी टोपी नसली तर बार पेटत नाही.

"विसरलास?"

तो घोड्याला पाणी पाजायला गेला. परत आल्यावर म्हणाला, "लॅव्ही, बाबांना सांगू नकोस." मी शब्द दिला.

हायरम ब्रॅग लोहार कधी फौजेत नव्हता. दुकानासमोरून ओबेद गेला की तो ओरडे, "काय रे शिपाई, एक तरी पाडलास का, की नुसतीच खांद्यावर मिरवलीस?" ओबेद तसाच पुढे चालत जाई.

४ जुलैला ओबेद कुरणात गवत कापत होता. स्वातंत्र्यदिनाच्या सलामीसाठी हायरमने बंदूक मागितली. बाबांनी ती अभिमानाने काढून दिली. सकाळी अकराच्या सुमारास मैदानात मी ती हायरमच्या हातात पाहिली. नळी रिकामी आहे का ते गजाने न पाहता त्याने वरून बंदुकीची दारू ओतली, कागद कोंबला, टोपी लावली. मी चार पावले पुढे गेले. ओरडले असते तर सगळ्या गावासमोर कारण सांगावे लागले असते. मी थांबले. त्याने चाप ओढला आणि नळी फुटली. हायरमचा डावा हात मनगटापासून गेला.

ओबेदने मुद्दाम सापळा रचला, या हायरमच्या तक्रारीवरून त्याला अटक झाली; ती तक्रार खोटी आहे. ओबेद कोठडीत गप्प आहे, कारण युद्धात आपण एकही बार उडवला नाही हे खरे सांगण्यापेक्षा त्याला तुरुंग बरा वाटतो. बंदूक भरलेली आहे हे मला माहीत होते. दोष धरायचा तर माझाही धरावा.

वरील जबाब हळू आवाजात वाचावा अशी मी विनंती केली. कारकुनाने नियमाप्रमाणे तो मोठ्याने वाचला. ओबेदची कोठडी भिंतीपलीकडेच आहे. वाचून होईपर्यंत तिकडे येरझाऱ्या ऐकू येत होत्या, नंतर थांबल्या. लिहिले आहे ते माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर आहे.

लॅविनिया क्रेन
७ जुलै १८६६