बाकी मशीन उत्तम!

...नाही, पण मला एक सांगा, ज्या बटणावर 'ओपन' लिहिलंय ते बटण दाबल्यावर ती वस्तू उघडावी, ही माझी अपेक्षा जास्त आहे का? तुम्हीच सांगा! दाबलं... नाही. पुन्हा दाबलं... आतून नुसतं 'घुर्र', दुपारी जेवून झोपलेल्या माणसाला हलवलं तर तो करतो तसं... पण उघडायचं नाव नाही! मग उजव्या बाजूला, बोटांनी नाही, तळहाताने, एक चापट मारायची, तीसुद्धा जोरात नाही, प्रेमाने, की मग तो ट्रे जीभ काढल्यासारखा बाहेर येतो आणि तुम्ही डिस्क ठेवताय न ठेवताय तोच बोटासकट आत! आणि पुढच्या काचेवर हिरव्या अक्षरांत काय येतं? 'नो डिस्क'! अरे, आत्ता तुझ्या तोंडात दिली ना मी? माझ्या बोटाचं सालटं अजून तिच्यावर असेल! तर असा हा आमचा डीव्हीडी प्लेअर. स्वस्तातला आहे, मान्य. बाकी मशीन उत्तम!

तुम्हाला सांगतो, खोक्यावर चोवीस सोयी छापल्यात. चोवीस! मी चष्मा लावून मोजल्या. त्यातली एक सोय म्हणजे रिमोट. हा रिमोट चालतो, चालत नाही असं नाही, पण फ्रिजला पाठ टेकवून, उजवा हात डोक्याच्या वर नेऊन, जरासं वाकून दाबला तरच चालतो. शेजारीण एकदा दारातून बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी मला म्हणते, "काका, व्यायाम सुरू केलात वाटतं, छान हो!" दुसरी सोय, चित्राच्या खाली भाषांतर येतं... येतं ना, नऊ भाषांत येतं, त्यातली एकही मला वाचता येत नाही! तिसरी सोय, माइक लावून गाणं म्हणायचं आणि मशीन तुम्हाला गुण देणार. मी माइक जोडला, गाणं सुरू व्हायच्या आत मला ठसका लागला, चांगला दणदणीत, डोळ्यांत पाणी आलं... आणि मशीनने टाळ्या वाजवून ठसक्याला दिले शंभरपैकी ब्याण्णव! मग मी रीतसर घसा साफ करून अख्खं गाणं म्हटलं, सगळी कडवी... एकेचाळीस! आता यावर माणसाने काय बोलायचं? बाकी मशीन उत्तम!

आणि ही वस्तू घरात आणली कुणी? मी! ज्याने चौतीस वर्षं इस्त्र्यांच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली, त्या मी! रोज दोनशे इस्त्र्या माझ्या हाताखालून जायच्या. वायर ओढून बघायची, बटण फिरवून बघायचं, इस्त्री तापली की पाण्याचा एक थेंब टाकायचा, 'चर्र' झालं की वर गोल कागदी पट्टी चिकटवायची... 'तपासले, ठीक'. कारखान्यात मला चर्रसाहेब म्हणायचे. तोंडावर साहेब, पाठीमागे नुसतं चर्र. तर ही हाडात मुरलेली सवय! आमची ही, म्हणजे बायको, तीन वर्षं मागे लागली होती, "अहो, आणा ना ते डीव्हीडीचं मशीन, घरात बसून निवांत काहीतरी बघू." आम्ही दुकानात जायचो आणि मी प्रत्येक मशीनला नापास करायचो! याचं झाकण सैल, त्याचं बटण डावीकडे कलतंय, त्या तिसऱ्याची वायर आखूड. दुकानदार म्हणायचा, "साहेब, खरेदीला आलात की धाड घालायला?" ही तोंडावर हात धरून हसायची आणि बाहेर आल्यावर म्हणायची, "राहू द्या, पुढच्या वेळी बघू." पुढच्या वेळी, पुढच्या वेळी करता करता... ही गेली. पंधरा दिवसांचं दुखणं. मग मी एकटाच त्या दुकानात गेलो, तर दुकानदार म्हणतो, "आता कोण घेतंय हे, साहेब? बंद झालं सगळं. हा एकच उरलाय, सगळ्यात स्वस्तातला, शोकेसमधला." मी वायर ओढली नाही, बटण दाबलं नाही, झाकणाकडे बघितलंसुद्धा नाही. म्हटलं, द्या. मागच्या बाजूला एक गोल पट्टी होती, अर्धी सुटून लोंबत असलेली... 'तपासले, ठीक'. म्हटलं, असेल बाबा.

आता तुम्ही विचाराल, एकट्या माणसाला हे हवंच कशाला होतं? कारण घरात एक डिस्क होती. एकच. माझ्या निवृत्तीच्या समारंभाची. कारखान्याच्या स्टोअरमधल्या एकाला कॅमेऱ्याची हौस, त्याने पूर्ण दीड तास काढला, मोठ्या साहेबांचं भाषण, युनियनचं भाषण... आणि माझं भाषण, चाळीस मिनिटं! तुम्ही म्हणाल, इस्त्रीवर चाळीस मिनिटं? अहो, घाईत आटपलं म्हणून चाळीस! तर पहिल्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर धरून ही बसलेली. माझ्या भाषणाची तेवीस मिनिटं गप्प. आणि तेवीस मिनिटं चौदा सेकंदांनी ही मान वर करते, माझ्याकडे बघते आणि म्हणते, "अहो..." झालं! चित्राचे चौकोन चौकोन! आणि पुन्हा "अहो... अहो... अहो..." पहिलं धरून चार वेळा, मोजून चार, आणि तिथून मशीन जी उडी मारतं ती थेट चहा-बिस्किटांवर! माझं भाषण संपलेलं, लोक कप घेऊन उभे, आणि ही कुठे दिसतच नाही. काय म्हणाली ती? मला आठवत नाही हो! माझ्या समोर, चार हातांवर बसून माझ्या बायकोने मला हाक मारली, आणि मी पाण्याच्या थेंबावर बोलत होतो! तिचा आवाज घरात दुसरीकडे कुठेच नाही. आहे तो एवढाच. एक शब्द, चार वेळा. बाकी मशीन उत्तम...

सुरुवातीला मी चिडायचो. डिस्क मऊ फडक्याने पुसली, कापसाने पुसली, मग कुणीतरी सांगितलं म्हणून टूथपेस्ट लावून पुसली. डिस्कला पुदिन्याचा वास आला, पण ही काही 'अहो'च्या पुढे सरकेना! आणि मग हळूहळू काय व्हायला लागलं... हसू नका हं. दुपारी डिस्क लावायची आणि मी आत भांडी घासायला जायचं. बाहेरून बरोब्बर "अहो..." आणि आतून माझं "काय गं?" पुन्हा "अहो..." "अगं आलो, हात ओले आहेत!" चार हाका, चार उत्तरं, की आली चहा-बिस्किटं. बघा ना, मला बाबा म्हणणारी मुलगी आहे, काका म्हणणारी सगळी गल्ली आहे, बँकेत सर म्हणतात. 'अहो' काय, कुणीही म्हणतं, रस्त्यात मध्ये उभे राहिलात तर मागचा गाडीवालाही म्हणतो, "अहो, सरका!" पण हिचं 'अहो' म्हणजे माझं नाव होतं. एकतीस वर्षं तिने मला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही, आणि ते नाव आता जगात फक्त त्या खोक्याला ठाऊक!

मुलगी परगावी असते. एकदा तिच्याशी फोनवर बोलत होतो, मागे डिस्क चालू, आणि हिने हाक मारली. मुलगी म्हणाली, "बाबा... आई?" मी म्हटलं, "हो, तिथे अडकते ती." तर मुलगी सुरूच झाली, "बाबा, ती डिस्क इकडे पाठवा, आम्ही कॉम्प्युटरवर लावतो, पाच मिनिटांत कळेल आई काय म्हणाली ते!" मी म्हटलं, "एकच डिस्क आहे, वाटेत हरवली तर?" ते खरंच होतं. पण सगळं खरं नव्हतं. तुम्हाला म्हणून सांगतो... हिचं बाकी सगळं बोलून संपलं होतं. हे एक वाक्य तेवढं बाकी होतं. मला ते ऐकायचं होतं, इतकं ऐकायचं होतं की जेवताना घास हातात राहायचा. पण ते एकदा ऐकलं की मग काय उरलं? म्हणून मीच ते वाक्य मनात पुरं करायचो. "अहो, किती सुंदर बोलताय!" छे, हे ती मेली तरी म्हणा... नाही म्हणायची. "अहो, इकडे बघा ना जरा." हं, हे चालेल. "अहो, मला ना तुमचा..." जाऊ द्या.

आणि गेल्या मंगळवारी मशीनने डिस्क गिळली! ओपन दाबलं, नाही. चापट मारली, प्रेमाने मारली, रागाने मारली, शेवटी हात जोडले! माझ्या तोंडचं पाणी पळालं. तसंच ते मशीन छातीशी धरून रिपेअरच्या दुकानात गेलो. तिथे एक बाई मिक्सर मांडीवर घेऊन बसलेल्या, आणि मेकॅनिक असा की बोलला तर दात पडतील! मी त्याला सगळं सांगितलं, पहिल्या इस्त्रीपासून. तो म्हणाला, "हं." मी म्हटलं, "डिस्कला ओरखडासुद्धा पडता कामा नये हं." "हं." मी म्हटलं, "मी स्वतः चौतीस वर्षं तपासणीला..." "काका, हात बाजूला घ्या." चार स्क्रू काढले, झाकण वर... डिस्क शाबूत! ट्रेचा रबरी पट्टा तुटला होता, एवढंच. माझा जीव भांड्यात पडला. मग त्याने चिमटा आत घातला आणि काहीतरी सोलून काढलं. म्हणाला, "ही बघा. लेन्स ज्या दांडीवर सरकते तिला चिकटली होती. लेन्स इथवर यायची, अडायची." काय होतं, सांगा! गोल पट्टी! 'तपासले, ठीक'! मागून सुटली आणि फटीतून आत गेली! जन्मभर मी जी पट्टी लोकांच्या इस्त्र्यांवर लावत आलो, तीच माझ्या बायकोच्या वाक्याला आडवी आली होती!

मी म्हटलं, थांबा, मला जरा बसू द्या... पण तो कशाला थांबतोय! नवा पट्टा घातला, दुकानातल्या टीव्हीला वायर जोडली आणि पळवत पळवत थेट माझ्या भाषणाचं तेविसावं मिनिट. हिने मान वर केली. "अहो..." मी सवयीने मोजायला लागलो, एक... आणि ही पुढे बोलली! स्वच्छ, ठणठणीत आवाजात! "अहो, पुरे आता! माणसं ताटकळलीत!" तिकडे अख्खा हॉल हसला. इकडे मिक्सरवाल्या बाई हसल्या. अहो, तो 'हं'वालासुद्धा हसला! आणि स्टेजवरचा तो शहाणा, म्हणजे मी, तिच्याकडे न बघता म्हणतो, "हो हो, दोनच मिनिटं," आणि पुढे सतरा मिनिटं बोलतो! सतरा! मी काही स्वतःकडे बघत नव्हतो. मी हिच्याकडे बघत होतो. ही खुर्चीत मागे टेकली, पर्स मांडीवर सारखी केली, आणि ऐकत बसली. सतराच्या सतरा मिनिटं, हसत. ते सगळं तिने घरी शंभर वेळा ऐकलेलं होतं हो! मीही हसायला लागलो... पण बाईंनी रुमाल पुढे केला तेव्हा कळलं की ते नुसतं हसणं नव्हतं.

आता मशीन कुठेही अडत नाही. ओपन दाबलं की उघडतं. आता खरोखरच उत्तम आहे, आणि हीच तर माझी तक्रार आहे! हाक एकदाच येते. मी आतून "काय गं?" म्हणेपर्यंत ही आपलं सांगून मोकळी! ती गोल पट्टी मी जपून ठेवलीय. परवा झाकण उघडून बसलोही होतो, म्हटलं, लावावी पुन्हा त्या दांडीवर... नाही लावली. चांगला माल मुद्दाम नापास कसा करू? शिवाय मी बोलायला लागलो की मला थांबवणारं आता घरात कुणी नाही. तुम्ही सभ्य माणसं, फार तर घड्याळ बघाल, तोंडाने काही म्हणणार नाही. ते म्हणणारं माणूस एकच होतं. ते असू द्या... तर मी काय सांगत होतो, त्या रिमोटची अजून एक गंमत आहे, त्यातले सेल जर का उलटे घातले ना, तर तो...

...हो हो. ऐकलं. पुरे.