शेवटच्या स्पर्धेचे बूट

दुकानात बूट घालून बघायच्या बाकावर माझ्या शेजारी एक नवरा-बायको बसले होते. दोघं पन्नाशीची. फुटबॉलचे नवे बूट बायकोच्या पायात होते.

"अगं, एवढ्या पैशात फ्रिज येतो!"

"मग फ्रिज घालून गोलात उभी राहू का?"

"स्वस्तातल्यांना काय झालं? त्यांनाही खालून खिळे आहेतच की."

"अहो, स्टड म्हणतात त्यांना. गेल्या वर्षी स्वस्तातलेच होते. घसरले आणि गुडघा धरून बसले."

"तेच म्हणतोय. डॉक्टर म्हणाले, ही शेवटची स्पर्धा. एका स्पर्धेसाठी एवढे महाग?"

"शेवटची आहे म्हणूनच. ती तरी धड उभं राहून खेळू दे."

तो माझ्याकडे वळला. "काका, तुम्हीच समजवा हिला."

"तुम्ही जाता का हिचा खेळ बघायला?"

"छे! मला काय कळतंय त्यातलं?"

"आमची ही होती तेव्हा कॅरम खेळायची. मलाही काही कळायचं नाही. पण शेजारी बसून राहायचो. बरं वाटायचं."

मग त्याने दुकानदाराला हाक मारली.

"हेच बांधून द्या. आणि मलाही काहीतरी दाखवा. मैदानाच्या कडेला चिखलात उभं राहता येईल असं."