दादाची बिनटपाची गाडी

हसू नका, पण आमच्या दादाच्या दहाव्याला कावळा शिवेना. दादा मुंबईत एका शेटचा ड्रायव्हर होता. शेटची जुनी, बिनटपाची, दोन सीटची रेसची गाडी त्याने मागून घेतली आणि टेम्पोत घालून हर्णेला आणली. "दुरुस्त करून आईला फिरवणार," म्हणायचा. मला स्टेअरिंगला हातसुद्धा लावू द्यायचा नाही. गाडी आमच्या होडीशेजारी गंजत राहिली आणि दादा तापाने गेला.

पिंड ठेवलेले, कावळे माडावर, खाली एकही येईना. सगळे काय काय कबूल करून दमले. माझ्या तोंडून निघून गेलं, "दादा, तुझी गाडी मी दुरुस्त करतो."

लगेच शिवला!

बाबा म्हणाले, "मेल्या, तुला सायकलचं पंचर काढता येत नाय!"

पण शब्द गेला होता. मला येते ती होडीची डागडुजी. मी गंज खरवडला, होडीला लावतात तसं माशाचं तेल गाडीला आतून-बाहेरून चोपडलं आणि उन्हात ठेवली. जेवून येतो तर गाडी दिसेना. नुसते कावळे! बॉनेटवर, सीटवर, आरशावर.

बाबा ओरडले, "दहाव्याला एक मिळत नव्हता, आता सगळं गाव जमलं!"

आई दारात आली. बराच वेळ बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "यातला आपला कुठचा रे?"

मी म्हटलं, "तो बघ. हाकलला तरी स्टेअरिंग सोडत नाय."