देवाजींच्या कॉलची वेळ

सुभद्रा : हे बघा ना वच्छलाताई. गिऱ्हाइकांतल्या देवाजींनी माझ्या प्रबंधाच्या फॉर्मवर लिहिलंय, ‘ट्रंककॉल पाच मिनिटांत लागला.’ तुमच्या रजिस्टरात मात्र बुकिंग दहाचं आणि कॉल अकराचा.

वच्छला : म्हातारा माणूस तो. घड्याळ कुठं पाहते?

सुभद्रा : मी पाहिलं होतं. तुमच्याच शेजारी बसले होते मी. बुकिंग आलं तेव्हा अकराला पाच कमी होते.

वच्छला : तू तं सोयरिकीले आल्यावाणी करून राहिली वं! पोरीले विचारते, शेजारणीले विचारते, अन् मागच्या दारानं जाऊन भांडे बी पाहते.

सुभद्रा : आमच्या संशोधनाची रीतच ती. टेलिफोनची सेवा कशी चालते, ते नुसतं गिऱ्हाइकांना विचारून कळत नाही, नुसते आकडे मोजूनही नाही. फॉर्म, रजिस्टर आणि स्वतःचे डोळे, तिन्ही लावायचे. दोनशे कॉल ताडून पाहिले. नऊ जुळत नाहीत. नऊही तुमच्याच हातचे.

वच्छला : (बोर्डात पिन खोचत) थांब जराशी. हां, गांधीबाग, सुरत लागली, बोला. ...त्या नऊ जणांनी कॉल काहून केले, ते विचारलं का तुह्या फॉर्मनं?

सुभद्रा : नाही. तो रकानाच नव्हता.

वच्छला : देवाजीची बहीण गेली होती. तिचा पोरगा भोपाळले. आग द्याले ये म्हणून त्याले सांगाचं होतं. अर्जंट कॉलचे दुप्पट पैसे म्हाताऱ्याले परवडे ना. इतवारीतल्या व्यापाऱ्याचा तूरडाळीचा भाव आधी, अन् मयत मागं? नंबरानं लावला असता तं पोराची गाडी सुटली असती. मी बुकिंगची वेळ तासभर मागं टाकली, म्हणजे त्याचा नंबर पुढं आला. बाकीचे आठ बी मयतीचेच.

सुभद्रा : नोकरी जाईल हो तुमची.

वच्छला : दोन वर्षं राहिले पेन्शनले.

सुभद्रा : मी हे नऊ कॉल वगळते. कोणाला कळणार आहे?

वच्छला : मग तुह्या प्रबंधात काय राहीन? सारं बरोबर चालू आहे, हेच ना? मयतीचा निरोप आधी लावाचा, असा नियम मग कधी होईन?

सुभद्रा : बरं, लिहिते. पण तुमचं नाव नाही घालत. ‘एक ऑपरेटर’, बस.

वच्छला : नको. आम्ही सहा जणी आहो या बोर्डावर. बाकी पाच जणींवर संशय काहून? नाव घाल.

सुभद्रा : ताई, भीती नाही वाटत?

वच्छला : वाटते ना. म्हणून तं म्हणते, आत्ताच लिही. उद्या विचारशीन तं मी नाई म्हणीन.