दुसरं इंजिन

—नाही हो, बोटीची दोन इंजिनं खपली तर फायदा माझाच, म्हणून मी दोन सांगतोय असं नका समजू. एक घेतलंत तर वजन कमी, पेट्रोल कमी, देखभाल एकाचीच. दोन घेतलीत तर सगळं दुप्पट — पण एक बंद पडलं तरी दुसऱ्यावर घरी येता. टाक्या मात्र वेगळ्या ठेवा. एकाच टाकीत पाणी शिरलं तर दोन्ही एकदम रुसतात, मग बसा हात चोळत. — माझ्या बोटीला? दोन. आधी एकच होतं. पडलं की बंद! भर दुपारी, किनारा नखाएवढा दिसतोय, आणि बोटीत आम्ही दोघंच — मी आणि बायको. इंजिन थंड ठेवणारा पंप असतो ना, त्यातलं रबर फाटलं. एवढंसं रबर. जादाचं कुठे? तर इथे, दुकानात, ह्या कपाटात. इंजिनं विकणारा माणूस! ती हसलीसुद्धा नाही. नांगर टाकला आणि बसलो.

आता बोटीत माणूस उठून जाणार कुठे? घरी मी उठतो नि दुकानात येतो, ती स्वयंपाकघरात जाते. तिथे जागाच नाही. मग ती बोलायला लागली. म्हणाली, तुम्ही सकाळी करता तो चहा माझ्या घशाखाली उतरत नाही. म्हटलं, मग इतकी वर्षं पितेस कशाला? तर म्हणे, तेवढ्यापुरते तुम्ही समोर बसता. — हं. मग आमच्या पहिल्या मुलीचं बोलली. पाळण्यातच गेली ती. घरात तिचं नाव कुणी काढत नाही — म्हणजे मीच काढू देत नव्हतो. तिथे तिनं काढलं. मग मीही काढलं. तेवढ्यात एक मच्छीमार बोट लांबून जाताना दिसली. हात केला असता तर वळली असती. मी दोर गुंडाळत बसलो. नीट गुंडाळलेला होता, तोच सोडून पुन्हा.

संध्याकाळी दुसऱ्या बोटीनं ओढून आणलं. आणि मी काय केलं? लगेच दोन इंजिनं बसवली. म्हटलं, बिचारी घाबरली असेल. तिला विचारलं? छे, विचारतो कोण! नंतर एकदाच आली बोटीवर. वेळेवर गेलो, वेळेवर परतलो, वाऱ्याबद्दल बोललो. मग म्हणाली, तुम्हीच जात जा. पुढे मुलाकडे गेली, नातवाला सांभाळायला. नातू आता शाळेत जातो, ही तिथेच. — भांडण? नाही, नाही. भांडण कसलं.

काल फोनवर सांगून टाकलं तिला — की त्या दिवशी एक बोट आधीच गेली होती, मी हात केला नाही. तर म्हणाली, “मीसुद्धा पाहिली होती.” एवढंच. पुढे नातवानं फोन ओढला.

तर — एक की दोन. दोन घ्या तुम्ही, निर्धास्त असतं. पण आज नको. मला मुलाच्या गावची गाडी गाठायचीय. शटर ओढतो, जरा बाहेर होता का?